उजव्या कानातली गिटार

गिटार गेली ती एका मंगळवारी संध्याकाळी, ऐन चहाच्या वेळेला.

चोरीला गेली असती तर माणिकराव पडघानांनी ठाण्यात जाऊन वर्दी तरी दिली असती. पण ही गिटार त्यांच्या घरातली नव्हतीच. ती विलायतेतल्या कुण्या केसाळ बुवानं वाजवलेली, माणिकराव शाळेतही जात नव्हते तेव्हाची, आणि गेली ती गाण्यातून. बाकी सगळे आपापल्या जागी हजर होते. ड्रम बडवणारा बडवत होता, गाणारा बेंबीच्या देठापासून ओरडत होता, आणि गिटारीची जागा आली की नुसती सामसूम. ऐन वरातीतून वाजंत्री पळावेत तशी. माणिकरावांनी इयरफोन कानातून काढला, फुंकला, शर्टाला पुसला, परत घातला. गिटार नाही ती नाहीच.

"आजकालची वस्तूच टिकत नाई," असं पुटपुटत त्यांनी अर्धा चहा तसाच ठेवला, चपला सरकवल्या आणि निघाले.

आता हा माणूस कोण, ते सांगून टाकतो. कारंज्याहून मंगरूळच्या रस्त्याला लागलं की एक जिनिंग फॅक्टरी आहे. कापसातली सरकी वेगळी काढायची, रुईच्या गठाणी बांधायच्या, हे तिथलं काम. हंगामात तिथं रांगेनं मशीन चालतात, त्यांनाच जिन म्हणतात, आणि असला आवाज होतो की बाजूच्या माणसाला हाक मारायची तर दगड मारावा लागतो. त्या मशीनींचे हेड फिटर म्हणजे आपले माणिकराव. आयुष्य तिथंच गेलं. आणि दिवसभर तो खडखडाट ऐकून घरी आलेल्या माणसानं काय ऐकावं? बासरी? भजन? नाही! हा माणूस घरी येऊन इंग्रजी रॉक ऐकायचा. तेही आजचं नाही, जुनं. लांब केसांच्या, घट्ट पॅन्टीच्या लोकांचं. तरुणपणी अकोल्याच्या बसस्टँडबाहेर एका टपरीवर त्यांनी ते पहिल्यांदा ऐकलं आणि बस सोडली. 'जिनाला गळा फुटला तं तो असाच गाईन,' असं त्यांना वाटलं म्हणे. एक शब्द कळला नाही. आजही कळत नाही. बरंच आहे, कळले असते तर कदाचित गाणीच सोडून दिली असती.

इंग्रजी नावं तोंडात बसत नसल्यामुळे घरात गाण्यांना घरचीच नावं पडली होती. एक 'रोडरोलर', एक 'बैलबंडी', आणि सगळ्यात लाडकं ते 'हिरीबाईवालं'. या गाण्यात मध्येच गिटार अशी काही कळवळते की पहिल्यांदा टेपवर लावलं तेव्हा शेजारची हिरीबाई हातातलं पीठ न धुता धावत आली होती, कोण मेलं म्हणून. तेव्हापासून ते तिच्या नावावर झालं. तिला याचा अभिमानच आहे.

ही नावं ठेवली मंजुषानं. माणिकरावांची एकुलती एक पोट्टी, बापाच्या मांडीवर बसून टेप ऐकत वाढलेली, आता पुण्यात नोकरीला. रोज संध्याकाळी तिचा आवाज फोनवर येऊन पडायचा: "जय भीम बाबा, आजची खबरबात." मग घरमालकिणीची मांजर कुठं व्याली, डब्यातली भाजी कशी होती, साहेब कोणावर डाफरला, सगळं रीतसर. शेवटी एक गाणं. बाप ते गाणं दोन्ही कानांत इयरफोन घालून ऐकायचा आणि मग आपली खबरबात पाठवायचा. हिरीबाईच्या बकरीनं आपली मेथी खाल्ली, तुरीला शेंगा लय धरल्या, तुही माय माह्यावर सकाळी उगाच खेकसली. आणि मग गाण्याचा पंचनामा. ड्रम कुठं घाई करून राह्यला, गिटार कुठल्या अंगानं आली, कुठं वाकली. त्या जुन्या लोकांनी गाणी भरतानाच वाटण्या केलेल्या असायच्या, गाणारा डाव्या कानात, गिटार उजव्या कानात. माणिकरावांना ते फार पटायचं. भावाभावांत असंच असावं, म्हणायचे, आपापल्या धुऱ्यावर, बांधावर राहायचं, पण पीक एकच.

तर ते मयंकच्या मोबाइलच्या दुकानात पोचले.

"काका, हा घ्या, धासू आवाज," मयंकनं नवा इयरफोन काढून दिला. माणिकरावांनी तिथंच उभं राहून हिरीबाईवालं लावलं. गाणारा आला. ड्रम आला. गिटारीची जागा आली आणि गेली.

"हाही खराबच हाय बे."

मयंकनं पाहिलं, इयरफोन काढला, त्याची बोंडं उलटसुलट करून काकांच्या कानात परत घातली. "असं ऐका बरं."

आणि गिटार आली! खणखणीत आली. पण आली ती डाव्या कानात, आणि तिथला गाणारा गायब झाला. माणिकराव फिटर माणूस. मशीन बंद पडलं तर दोष पट्ट्यात आहे की मोटारीत, ते पट्टा बदलून पाहायचं, हे त्यांना कोणी शिकवायला नको. पट्टा बदलला होता. दोष मोटारीत निघाला होता. उजव्या कानात काहीच जात नव्हतं.

"बरा हाय," ते म्हणाले. इयरफोन खिशात घातला आणि दुकानाबाहेर आले. रस्त्यावर ट्रॅक्टर, ऑटो, भाजीवाले, सगळा गलका डावीकडूनच येत होता. उजवीकडचं अर्धं कारंजं कोणी पुसून टाकल्यासारखं.

घरी येईस्तोवर त्यांच्या डोळ्यांपुढे एकच माणूस होता, उस्ताद दौलतसिंग.

दौलतसिंग म्हणजे त्यांच्या आधीचा हेड फिटर. माणिकराव हाताखाली लागले तेव्हा उस्तादांचे कान पार गेलेले. जिनांनी खाल्ले होते. बिचारा मशीनला हात लावून, थरथर ओळखून काम करायचा, आणि दुपारी डबा खाताना सगळे हसले की एक क्षण उशिरानं हसायचा. त्यानंच नव्या पोराला पहिल्या दिवशी ढिगातली चिमूटभर रुई काढून, तळहातावर वळून, तिचे दोन बोळे करून दिले होते. "कान में डाल. मशीन किसी का सगा नहीं." ते माणिकरावांनी आयुष्यभर पाळलं. कामावर चढताना ताजे बोळे घालायचे, उतरताना काढून टाकायचे. बाकीचे फिटर हसायचे, 'आले कापूसराव' म्हणायचे. म्हणू दे! तुमच्या कानात काय जाते? इथं घरी गेल्यावर गिटार ऐकायची असते.

आणि एवढं करूनही शेवटी जिनानं कान नेलाच. उस्तादांचाही आधी उजवाच गेला होता. मग डावा.

सांगायचं कोणाला? मंजुषाला सांगितलं तर ती दुसऱ्याच दिवशी रजा टाकून येऊन बसेल. फॅक्टरीत सांगितलं तर हेड फिटरला आवाजावरून बिघाड कळत नाही, ही बातमी चहाच्या आत गेटपर्यंत जाईल. आणि भागिरथेला? भागिरथेशी सध्या बोलणंच बंद होतं.

म्हणजे ते कधी बंद झालं हे माणिकरावांना नेमकं सांगता आलं नसतं. भागिरथा म्हणजे त्यांची बायको, तोंडानं तिखट, मनानं त्याहून तिखट, आणि माया करायची ती पण भांडल्यासारखी. तिनं दिवाळीच्या साफसफाईत त्यांचा जुना टेपरेकॉर्डर भंगारवाल्याला देऊन टाकला होता. टेप कैक वर्षांपासून मुका होता, खरं तर त्यात झुरळांचा संसार होता. माणिकराव "बरं केलं" म्हणाले होते आणि थोडा वेळ गच्चीवर जाऊन बसले होते, एवढंच. पण पौष लागला आणि भागिरथा हळूहळू गप्प झाली. ताट आपटून वाढायची. ओल्या तुरीच्या सोल्याची आमटी करायची, पण 'कशी झाली' विचारायची नाही. त्यांना वाटलं, वय झालं, होते असं. आणि स्वतःच्याच काळजीत बुडालेल्या माणसाला बायकोचा अबोला म्हणजे जरा सोयच.

खबरबात मात्र थांबवता येईना. मंजुषाचा निरोप ते डाव्या कानाला फोन लावून ऐकायचे आणि गाणं ऐकायचेच नाहीत. कसं ऐकावं? अर्धं गाणं ऐकणं म्हणजे मेलेल्या माणसाची खाट बघत बसणं. उत्तर पाठवायचे: "हाव बेटा. मस्त हाय गाणं. तब्येत बरी हाय. थंडी लय हाय."

आता मला सांगा, ज्या माणसानं जन्मात कुठल्या गाण्याला नुसतं 'मस्त' म्हटलं नाही, त्यानं आठवडाभर 'मस्त' म्हटलं तर पोरीला संशय येणार नाही? मंजुषानं परीक्षाच घेतली. हिरीबाईवाल्या गाण्याची कुठूनशी अशी प्रत शोधून पाठवली, ज्यात दुसऱ्याच कोणीतरी गिटारीचा पार चोथा केला होता. बापानं खरं तर फोन फेकून मारायला हवा होता. बापाचं उत्तर आलं, "मस्त हाय."

तिनं तडक आईला फोन लावला.

पुढचं माणिकरावांना नंतर कळलं, भागिरथेनंच सांगितलं. मंजुषा विचारत होती, "आई, बाबाले काय झालं? गिटारचं नावच नाई काढून राह्यले." आणि भागिरथेचा बांध फुटला. "मले काय विचारतं? माह्याशी तं बोलूनच नाई राह्यले! टेप देल्ला म्हून रुसले. मी बोलतो, हे भिताडासारखे बसते. मंग मीही बोलणं सोडलं. मले काय गरज पडली?" मंजुषानं विचारलं, "आई, तू कुठून बोलतं त्याईच्याशी?"

"कुठून म्हंजे? चुलीपासून."

चूल त्या घरात उजवीकडे आहे. माणिकराव जिथं पाट टाकून बसतात तिथून अगदी उजव्या खांद्याशी. आणि गिटारही उजव्याच कानातली.

त्या दिवशी माणिकराव अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. सुटीचा दिवस, ऊन छान पडलेलं. भागिरथा मागून उजव्या बाजूला येऊन उभी राहिली आणि चांगल्या आवाजात म्हणाली, "हिरीबाई म्हणते, तुमच्या त्या गिटारवाल्याले वाजवताच येत नाई."

माणिकराव शेंगा सोलत राहिले.

ती डावीकडे आली आणि तेच वाक्य, त्याच आवाजात, पुन्हा बोलली.

"काय?" माणिकरावांनी शेंगा फेकल्या. "कोन म्हणते? हिरीबाई? जिले गाणं आन् कोल्हेकुई यातला फरक समजत नाई ते? बोलाव तिले इथं!"

पण भागिरथा तिथंच, शेंगांच्या फोलपटांवर, मटकन खाली बसली होती. तिच्या डोळ्यांना पाणी आलं होतं आणि ती हसत होती, दोन्ही एकदम.

"अवं माय, म्हंजे तुमी माह्यावर रुसले नोयते?"

"मी कायले रुसू?"

"मले वाटे, टेपासाठी."

"टेपात झुरळं होते वं."

"मंग बोलत काहून नोयते, बाप्पा?" एवढं म्हणून तिचं हसू गेलं, कारण उत्तर तिच्या पुढ्यातच बसलं होतं. तिनं हात पुढे करून त्यांचा उजवा कान धरला, शाळेतला मास्तर पोराचा धरतो तसा, पण पिळला नाही. "कधीपासून?"

माणिकरावांनी मग सगळं सांगितलं. इयरफोन, मयंकचं दुकान, उस्ताद. शेवटी म्हणाले, "डावाही जाईन आता. मंग ना पोट्टीचा आवाज, ना तुह्यं खेकसणं. गिटार तं गेलीच." आणि हा कापूसराव, मशीनच्या पोटात हात घालताना न डरणारा माणूस, तुरीच्या शेंगांपुढे बसून रडला.

भागिरथेनं त्याला रडू दिलं. मग पदर खोचला. "उद्या वाशीमले जाचं. कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे. आन् ड्यूटीचं कारण सांगशान तं मी सोता मालकाच्या घरी जाऊन बसतो."

सकाळच्या एसटीनं दोघं निघाले. मंगरूळपीर येईपर्यंत माणिकराव मनातल्या मनात एकेक गाणं म्हणून पाहत होते, उद्या दोन्ही कान गेले तर कुठलं किती आठवेल, म्हणून. रोडरोलर बरंच आठवलं. बैलबंडी निम्मं. हिरीबाईवाल्याची गिटार मात्र मनातही नीट येईना, वळणावर घसरायची. त्यामुळे त्यांचा जीव अजूनच खाली गेला.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई होत्या, मंजुषापेक्षा थोड्या मोठ्या. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. जिनाचं, बोळ्यांचं, उस्तादांचं. मग टेबलावरून दोन टोकांचा लोखंडी चिमटा घेतला, कोपरावर मारला आणि त्याची दांडी माणिकरावांच्या कपाळावर मधोमध टेकवली.

"काका, कुठं वाजतंय? डावीकडे की उजवीकडे?"

माणिकराव थिजून बसले. आवाज येत होता. तारेसारखा एकच बारीक, लांब सूर. आणि तो येत होता उजवीकडून. गेलेल्या कानातून!

"उजव्यात," ते म्हणाले, आणि त्यांचाच त्यांच्यावर विश्वास बसला नाही. "बाई, परत मारा बरं."

बाईंनी परत मारला. परत उजव्यातच, डाव्यापेक्षाही मोठा.

"मग कान जिवंत आहे," बाई हसल्या. "आतली मशीन चालू आहे काका. दारात काहीतरी अडकलंय. जिनानं कान खाल्ला असता तर हा आवाज डावीकडे गेला असता."

भागिरथेनं हात जोडले. कोणाला, ते तिलाही सांगता आलं नसतं.

बाईंनी कपाळावर दिवा बांधला, कानात डोकावल्या, थेंब टाकले, थोडं थांबल्या. मग एक लांब, बारीक चिमटी आत गेली. माणिकरावांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. काहीतरी सरकलं, आतल्या आत खसखसलं, आणि मग बाटलीचं बूच निघावं तसं झालं आणि खोली आवाजानं भरली. पंख्याची घरघर. बाहेर कोणाचं तरी खोकणं. रस्त्यावर पिशव्या विकणाऱ्याची आरोळी. आणि भागिरथेचा श्वास, उजव्या खांद्याशी, जोरजोरात चाललेला.

बाईंनी चिमटी दिव्यासमोर धरली. टोकाला एक काळपट, तेलकट गोळा होता. वास आला.

"लसूण?" बाईंनी विचारलं.

भागिरथेनं पदर तोंडाला लावला.

मग झाला उलगडा. थंडी सुरू झाली तेव्हा माणिकरावांचा उजवा कान एका रात्री ठणकला होता. भागिरथेनं लसणाच्या पाकळ्या घालून तेल कोमट केलं, कानात सोडलं आणि वरून कापसाचा बोळा लावून दिला. सकाळी माणिकराव घाईत ड्यूटीवर गेले आणि सवयीप्रमाणे, ढिगातली रुई घेऊन आपला बोळा कानात दाबला. बायकोच्या बोळ्यावर आपला बोळा! संध्याकाळी आपला तेवढा काढून फेकला. तिचा राहिला आत. मग रोज सकाळी नवा बोळा त्याला आणखी आत ढकलत गेला. पिऊन पिऊन तो फुगला, मळला आणि दाराला आडवा बसला.

"म्हंजे तुह्यामुळे!" माणिकराव म्हणाले.

"माह्यामुळे काहून? कानात बोट घालून पाह्यचं नाई, पह्यलेच काही हाय का? दुनियेच्या मशिनी खोलते, सोताचा कान खोलता येत नाई!"

माणिकराव पुढं काही बोलणार, तर त्यांचं लक्ष त्या गोळ्याकडे गेलं. त्यांनी बाईंकडून तो कागदावर मागून घेतला, दोन बोटांत धरून हळूच ओढला, तंतू पाहिला, आणि तोंड कडू केलं.

"ही आपल्या जिनातली रुई नोय."

"मेडिकलातून आनली होती," भागिरथा हळूच म्हणाली. "कापसाचं बंडल."

"घरात हेड फिटर असून इकतची रुई?"

"आता तिची प्रत काय पाहून राह्यले! फेका ते!" आणि डॉक्टरीणबाई इतक्या हसल्या की त्यांना कपाळावरचा दिवा काढून ठेवावा लागला.

मग त्यांनी यंत्रावर दोन्ही कान तपासले. वयाच्या मानानं उत्तम, म्हणाल्या. इतकी वर्षं जिनावर काढून असे कान राहिले म्हणजे त्या उस्तादांना धन्यवाद द्या. पण यापुढं बोळे बंद, बाहेरून बसणारी ती टोपलीसारखी कानझाकणी वापरायची. आणि कान आतून सोलवटलाय, तेव्हा काही दिवस आत काहीही घालायचं नाही. तेल नाही, रुई नाही, काडी नाही.

"इयरफोन?"

"अजिबात नाही."

माणिकरावांचा चेहरा एवढासा झाला. भागिरथा म्हणाली, "बाई, याईले जेवन नोका देऊ म्हटलं असतं तं चाललं असतं."

बसस्टँडवर आले तेव्हा दुपार झाली होती. माणिकराव पावलोपावली थांबत होते. उसाच्या चरकाची घुंगरं उजवीकडून, कंडक्टरची शिट्टी उजवीकडून, भज्यांच्या कढईचा चरचराट उजवीकडून. इतकं हलकं त्यांना कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं, चालताना मध्येच एखादं पाऊल नाचल्यासारखं पडत होतं, आणि भागिरथा "लोकं पाहून राह्यले" म्हणत त्यांना पुढं ढकलत होती. त्यांनी भजी घेतली. तिखट लागली म्हणून परत घेतली.

एसटीत जागा मिळाली. भागिरथेनं उजवीकडची खिडकी धरली, म्हणजे ती माणिकरावांच्या उजव्या बाजूला बसली. गाडी निघाली. फोनवर निरोप आला. मंजुषाचा आवाज होता, अर्धा रडवेला, अर्धा हसरा; आईनं दवाखान्याच्या पायरीवरूनच तिला सगळं सांगून टाकलं होतं. "जय भीम बाबा. आज माह्याकून काही खबरबात नाई. आज तुमी सांगा. गिटार आली का?"

माणिकरावांनी फोन खाली ठेवला. बाहेर हरभऱ्याची वावरं हिरवीगार पसरली होती.

"काय सांगू तिले? कान आला," ते म्हणाले. "पन गिटार काई आत्ताच येत नाई. इयरफोनची मनाई हाय. आन् मोबाइलच्या भोंग्यात तं सगळं एकाच जागी कोंबते, त्यात कुठली उजवी-डावी."

भागिरथा खिडकीतून बाहेर पाहत राहिली. गाडी खड्ड्यातून गेली, वर आली. आणि मग तिनं, बाहेरच बघत, ओठ मिटून, नाकातल्या नाकात सुरू केलं.

आधी माणिकरावांना कळलंच नाही. मग त्यांच्या अंगावर सरसरून काटा आला. हिरीबाईवालं! गाण्याचे शब्द नाहीत, गाणाऱ्याची चाल नाही. गिटार. नुसती गिटार. ती पहिली हळू चढण, मग तो थांबा, मग ते कळवळणं, आणि जिथं ती वाकते, जिथं सकाळी माणिकरावांचं मन घसरत होतं, तिथं भागिरथा अलगद वाकली आणि बरोबर पलीकडे उतरली. जन्मभर 'बंद करा तो खडखडाट' म्हणणारी बाई. चुलीपाशी भाकरी थापताना सगळं तोंडपाठ करून बसलेली.

ती थांबली तेव्हा माणिकराव तिच्याकडे बघतच होते.

"काय पाहून राह्यले?" ती म्हणाली. "रोज रोज तेच लावत होते. कानाले झाकण असते काय माह्या?"

"कधीपासून येते तुले?"

"मंजी पोटात होती तवापासून." तिनं पदर सारखा केला. "तुमीच कधी आयकलं नाई. भाकरी करताना मी म्हनतच राहतो. तुमच्या कानात कधी बोळे, कधी ते वायरं."

माणिकरावांनी फोन उचलला. बटण दाबलं आणि तोंडाजवळ धरला.

"जय भीम बेटा," ते म्हणाले. "गिटार आली. उजवीकूनच आली."